दुपारी दीडचा सांधा

पुसद तालुक्यातल्या एका गावात, कापूस ठेवायच्या जुन्या गोदामात, लाकडाचं विमान तयार होत आहे. बांधणारा एअर फोर्समधून निवृत्त झालेला एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारा. गाव त्याला फौजी म्हणतं, मीही तेच म्हणतो. मी आयटीआयमध्ये सुतारकाम ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर त्याच्याकडे जायला लागलो तो लाकडासाठी, आणि मग गुंतलो. हे प्रकरण सगळ्या विमानाचं नाही. पंखातल्या एका सांध्याचं आहे. तो सांधा कसा बिघडला, कसा सापडला आणि त्यापायी आम्ही काय कापून काढलं, ते मी सविस्तर लिहितो आहे. विदर्भात लाकूड आणि इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून करायचा गोंद, घेऊन कुणी गंभीर काम करत असेल, मग ते विमान असो की होडी, त्याला हे उपयोगी पडावं.

आधी विमानाबद्दल. आराखडा अमेरिकेतल्या पीटेनपोल एअर कॅम्परचा. मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटेनपोल नावाच्या, स्वतःच शिकलेल्या कारागिराने १९२९ साली फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन बसवून ते उडवलं, आणि १९३० च्या दशकात त्याचे आराखडे छापून आले. पंख डोक्यावर, उघड्या दोन बैठका एकामागे एक, पंखांचा पसारा सुमारे २९ फूट. सांगाडा लाकडाचा, वर कापड. खेड्यातल्या माणसाने खेड्यातल्या अवजारांनी करावं म्हणूनच ते आखलेलं आहे, आणि शंभरीला आलं तरी लोक आजही ते बांधतात.

फौजीला हा आराखडा सुचला तो इंजिनामुळे. शेजारच्या गावात एका जिनिंगच्या जुन्या मालकाची फोर्ड मॉडेल ए होती. गाडीचा सांगाडा केव्हाच गंजून गेला, पण इंजिन उतरवून कुणीतरी विहिरीवर बसवलं होतं आणि डिझेल पंप येईपर्यंत ते पाणी ओढत राहिलं. पुढे गोठ्यात पडलं. फौजीने ते भंगाराच्या भावाने नाही, चांगले पैसे मोजून घेतलं.

विमानाला इतकं जुनं इंजिन कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. उत्तर साधं आहे. मॉडेल ए चं चार सिलिंडरचं ३.३ लिटरचं इंजिन ४० अश्वशक्ती देतं, आणि ती मिनिटाला २२०० फेऱ्यांवर. मारुती ८०० चं इंजिनही जवळपास तितकीच, ३७ अश्वशक्ती देतं, पण ५००० फेऱ्यांवर. विमानाच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, इतक्या फेऱ्या चालत नाहीत. साडेसहा फुटांच्या आसपासचा लाकडी पंखा त्या वेगाने फिरवला तर त्याची टोकं ध्वनीच्या वेगापार जातील, हवा ओढण्याऐवजी नुसती कापतील. म्हणून मारुतीच्या इंजिनाला मध्ये पट्टा किंवा गिअर घालून फेऱ्या उतरवाव्या लागतात, आणि तो मधला जोड हेच मग सगळ्यात नाजूक ठिकाण होतं. फोर्डच्या क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, पंखा थेट बसतो आणि १६००–१७०० फेऱ्यांवर विमान ओढतो. आमचे इंजिनवाले चाचा म्हणाले, "हे फिरते कमी, पण ओढते लय." त्यात सगळं आलं.

चाचांनी त्यावर जे काम केलं ते वेगळ्या लेखाचं आहे. मुख्य बेअरिंगं व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची. ती त्यांनी नव्याने ओतली आणि निळ्या शाईचा ठसा घेत घेत हाताने खरवडून बसवली. तेलाची व्यवस्थाही बदलावी लागली. गाडीत कनेक्टिंग रॉडची टोकं तेलाच्या छोट्या पन्हळीत बुडून शिंतोडे उडवतात आणि मुख्य बेअरिंगांना तेल वरून आपल्या वजनाने उतरतं. गाडी सपाट रस्त्यावर असते तोवर ठीक. विमानाने नाक वर केलं की तेल मागे जाणार. म्हणून बेअरिंगांना पंपापासून वेगळी नळी दिली. बॅटरीच्या इग्निशनऐवजी स्वतःच ठिणगी तयार करणारा मॅग्नेटो. पंखा क्रँकला पुढे ओढतो, गाडीत तसा ओढ कधीच नसतो, त्यासाठी थ्रस्ट बेअरिंग. इंजिनाचं काम सरळ चाललं. अडलं ते लाकडात, म्हणजे माझ्या विषयात.

गावात पहिला वाद सागवानावरून झाला. "सर, आपल्या जंगलात इतलं सागवान, अन् तुमी बाहेरचं लाकूड कायले आणून राह्यले?" हा प्रश्न मला चहाच्या टपरीवर किमान वीस वेळा विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. आलापल्लीचं सागवान दारं-खिडक्यांना जगात नावाजलेलं. पण ते घनमीटरला सुमारे ६५० किलो भरतं. ज्या सिटका स्प्रूस या अमेरिकेतल्या हलक्या लाकडासाठी आराखडा आहे ते ४३० च्या आसपास. पंख दीडपट जड करून चाळीस अश्वशक्तीचं विमान उडत नाही. दुसरं, सागात तेल असतं. त्याच तेलाने त्याला वाळवी लागत नाही, आणि त्याच तेलाने गोंद त्याला नीट धरत नाही. शेवटी नागपूरच्या लकडगंजात चार दिवस फिरून डग्लस फरच्या आयात केलेल्या फळ्या निवडल्या. स्प्रूसपेक्षा ते थोडं जड, पण ताकदीने उणं नाही आणि विमानाच्या कामात मान्य असलेलं. मात्र ते चिरकतं, खिळा-स्क्रू मारताना आधी भोक पाडावंच लागतं. फळीच्या कडेला शाईची रेघ ओढून लाकडाच्या धाग्यांची रेषा किती तिरपी पळते ते मी प्रत्येक फळीवर पाहिलं. पंधरा इंचात एक इंचापेक्षा जास्त तिरपी गेली की ती फळी बाजूला. लाकडाच्या दुकानदाराने तिसऱ्या दिवशी आम्हाला चहा पाजणं बंद केलं, पण फळ्या मात्र उलथू दिल्या.

स्पार, म्हणजे पंखाचा आडवा मुख्य वासा, आराखड्यात एक इंच जाड आणि पावणेपाच इंच उंच आहे. एका बाजूच्या पंखाला तेरा फुटांच्या वर लांबी लागते. आम्हाला निर्दोष अशा फळ्या दहा फुटांच्याच मिळाल्या. म्हणून जोड आला. दोन्ही टोकं तिरपी तासून एकावर एक चिकटवायची. त्याला स्कार्फ म्हणतात, आपल्याकडे तिरका सांधा. उतार एकास बारा, म्हणजे इंचभर जाडीला बारा इंच लांब सांधा. नीट झाला तर तो जवळपास अखंड लाकडाइतकंच वजन घेतो. नीट झाला नाही तर बाहेरून अजिबात कळत नाही. प्रकरण इथे सुरू होतं.

काम मे महिन्यात झालं. फौजीला शेतीची कामं सुरू व्हायच्या आत पंखांचे वासे आणि पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या उरकायच्या होत्या. मी तेव्हा मुलीकडे पुण्याला होतो. जाताना त्याला एकच सांगून गेलो: इपॉक्सीचा प्रत्येक घाणा कालवला की त्याच घाण्याने दोन नमुने चिकटव, त्यावर नंबर टाक, आणि वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान लिही. एक नमुना आठवड्याने तोड, दुसरा पावसाळ्यात. तो मिलिटरीचा माणूस. वही त्याने चोख ठेवली. एकूण ४१ घाणे. पहिले नमुने त्याने तोडले, लाकूड उसवलं, काही ठिकाणी गोंदाचे ठिपके दिसले, आणि त्याने समोर बरोबरची खूण केली.

श्रावणात मी परत आलो. गोदामाच्या आढ्याला तारेवर दुसरे नमुने ओळीने टांगलेले होते, लग्नघरच्या तोरणासारखे. आम्ही एकेक व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडायला लागलो. तोडण्यात काय बघायचं असतं ते आधी सांगतो, कारण चांगले सुतारही इथे चुकतात. नमुना तुटला म्हणजे सांधा वाईट, असं नाही. तो तुटायलाच हवा, आपण तोडतोच आहोत. पण तुटताना फट लाकडात गेली पाहिजे. दोन्ही तुकड्यांवर एकमेकांच्या लाकडाचे धागे चिकटून आलेले दिसले पाहिजेत, उसाचं कांडं सोलल्यावर येतात तसे. धागे न येता गुळगुळीत पृष्ठभाग आला तर गोंद लाकडाला धरलाच नव्हता, नुसता चिकटून बसला होता.

सोळापर्यंत सगळे धाग्यांत तुटले. सतरावा एका फटक्यात सुटला, आणि आवाज वेगळा आला. कडाड असा नाही, टक असा, बशी टिचल्यासारखा. मी तुकडा दारापाशी उजेडात नेला. पृष्ठभागावर मधाच्या रंगाचा चकाकता थर, आणि त्यावर रंध्याच्या पात्याच्या बारीक रेघासुद्धा जशाच्या तशा उठलेल्या. एकही धागा नाही. फौजी काही बोलला नाही. त्याने वही उघडली. घाणा १७, १३ मे, दुपारी १.४०, तापमान ४३. आणि पुढे त्याच्याच अक्षरात: डाव्या पंखाचा पुढचा स्पार, स्कार्फ.

४१ पैकी ९ नमुने असे निघाले. त्या नऊच्या वेळा आम्ही एका कागदावर उतरवल्या. एकही सकाळचा नव्हता. सगळे अकरा ते चारच्या मधले.

कारण काय ते दोन दिवस बसून शोधलं. मला आता त्याबद्दल शंका नाही. इपॉक्सीचे दोन भाग एकत्र आले की आतली क्रिया सुरू होते आणि ती उष्णतेबरोबर वाढते. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना वेग दुप्पट. डब्यावर लिहिलेली पाऊण तासाची मुदत २५ अंशांची असते. ४३ अंशांत ती पंधरा मिनिटांच्या आत येते, आणि वाटीत गोळा राहिला तर स्वतःच्या उष्णतेने त्याहूनही लवकर. फौजी बारा इंचांच्या दोन्ही तोंडांना लावेपर्यंत, वासे सरळ रेषेत आणून शिकंजे आवळेपर्यंत गोंद घट्ट व्हायला लागलेला होता. असा गोंद लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांत शिरत नाही, वर बसतो. आठवड्याने नमुना तोडला तेव्हा तो काही अंशी टिकला. पण त्यानंतर पाऊस आला.

पाऊस आला म्हणजे काय झालं, हे विदर्भातल्या लाकडाबाबत समजून घेण्यासारखं आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं. आपल्या मे महिन्यात दुपारची आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते, तेव्हा लाकडात जेमतेम ३ ते ४ टक्के ओलावा उरतो. भर पावसाळ्यात तोच १८ च्या आसपास जातो. इतक्या फरकात पावणेपाच इंच उंचीचा वासा जवळपास ३ मिलिमीटर फुगतो. लांबीत लाकूड फारसं हलत नाही, आडवं हलतं. ही सगळी ताण-दाब गोंदाच्या थरावर येते. चांगला सांधा ती सोसतो. जो आधीच वरवर बसलेला, तो सुटतो. नमुना क्रमांक १७ ला मी हातोडा मारला खरा, पण तो आषाढातच सुटलेला असणार.

आता प्रश्न होता वाशाचा. तयार पंख, फासळ्या चढवलेल्या, वार्निश झालेलं. फौजीचा पहिला विचार कुणाचाही असता तोच होता. "सर, वरून दोन्ही बाजूंनी प्लायच्या पट्ट्या मारून घेतो ना. बोल्ट टाकतो. कायले पूर्ण कापायचं?" मी नाही म्हणालो. बोल्ट टाकायला लाकडात भोकं पाडावी लागतात, आणि ज्या ठिकाणी वाकण्याचा सगळा जोर येतो तिथेच आपण लाकूड कमी करतो. पट्टीही मूळ सांध्याच्या भरवशावरच चिकटणार. पण खरं सांगायचं तर त्याला माझ्या युक्तिवादाने पटलं नाही. त्याने मग चार दिवस माझ्याशी पंखाबद्दल बोलणं टाळलं. सोयाबीनवर फवारणी चालू होती, तिकडे जात राहिला.

पटलं ते त्याच्या आईमुळे. तिने जेवताना विचारलं, "त्या फुलसावंगीच्या पोराचं ध्यानात हाय ना रे तुह्या?"

फुलसावंगी महागाव तालुक्यात, आमच्यापासून लांब नाही. २०२१ च्या ऑगस्टात तिथल्या एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणाचा त्याने स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेताना मृत्यू झाला. इंजिन मारुती ८०० चं. मागचं पातं तुटलं, ते मुख्य पात्याला लागलं आणि ते पातं त्याच्यावर आलं. त्याच्या हातात कसब होतं, चिकाटी होती, आणि वर्षानुवर्षांची मेहनत होती. त्याच्याबद्दल बोलताना कुणी हसलं तर मला राग येतो. त्याच्याजवळ नव्हतं ते एवढंच: तुकडा आधी तोडून बघायला सांगणारं कुणीतरी. आम्ही त्या गावावरून जातो तेव्हा फौजी गाडी हळू करतो. बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पंख घोडीवर चढवला आणि स्वतःच करवत लावली. सांधा सोडवून काढल्यावर आम्ही त्यात लाकडी पाचर घातली. हलक्या तीन ठोक्यांत तो उघडला. बारा इंचांपैकी कडेचा दोन-दोन बोटांचा भाग धाग्यांत फाटला होता. मधला तळहाताएवढा भाग तसाच चकाकत होता, नमुन्यासारखा. कडेला शिकंज्याखालून बाहेर आलेला गोंद बघून आम्हाला वाटलं होतं सांधा भरून आला आहे. फौजीने त्या चकाकणाऱ्या भागावरून अंगठा फिरवला आणि तो तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. अजून तिथेच आहे.

एक स्पार आणि त्या नऊ घाण्यांतल्या अकरा फासळ्या गेल्या. नव्याने करताना आम्ही जागा आणि वेळ दोन्ही बदलले, आणि इथे मला आपल्याकडचीच एक गोष्ट कामाला आली. विमानाच्या लाकडाला ओलावा ८ ते १२ टक्क्यांत हवा असतो. कापूस पणन केंद्रावर नेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हे आकडे पाठ आहेत. सीसीआय, म्हणजे कापूस घेणारं सरकारी महामंडळ, त्याच्या खरेदीत ८ टक्क्यांला पूर्ण भाव, १२ च्या वर माल परत. मीटर वेगळं असतं, पण फौजीला मी लाकडाचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे कापसाचंच माप झालं हे." आणि तेवढा ओलावा लाकडात राहायला खोलीत आर्द्रता ५०-६० टक्के लागते. मे महिन्यात विदर्भात हे कुठे मिळतं? कूलरच्या खोलीत. ताट्या चांगल्या भिजलेल्या असल्या तर कूलर खोली बारा-पंधरा अंशांनी उतरवतो आणि हवा ओली करतो. आपण ज्याला चिकचिक म्हणतो ती लाकडाला नेमकी हवी असते. आम्ही गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीची खोली केली, कूलर तिच्या तोंडाशी, पण वारा कधीच थेट ताज्या सांध्यावर नाही, कारण ओल्या हवेत इपॉक्सीवर तेलकट साय धरते. लाकूड त्या खोलीत दोन आठवडे आधी आणून ठेवायचं. चिकटवायचं ते पहाटे चार ते सात, तापमान तिशीच्या खाली असतानाच. घाणा लहान, वाटी उथळ, गोंद पसरून ठेवलेला म्हणजे गरम होत नाही. रंधा मारल्यावर त्याच दिवशी चिकटवायचं, आठवड्यापूर्वी तासलेल्या तोंडावर नाही. दोन्ही तोंडांना गोंद, पाच मिनिटं मुरू द्यायचा, मग शिकंजे, आणि शिकंजे इतके घट्ट नाहीत की सगळा गोंद बाहेर यावा. इपॉक्सीला थर लागतो. पावसाळ्यात त्याच ताडपत्रीच्या खोलीत कूलर बंद आणि दोन साठ वॉटचे बल्ब दिवसरात्र.

उन्हाचा विचार आम्हाला विमानाच्या रंगापर्यंत घेऊन गेला. फौजीला ते गडद निळं करायचं होतं, स्क्वाड्रनच्या आठवणीने. पण कडक झालेला इपॉक्सीही उष्णतेत मऊ पडतो, आणि मे महिन्यात उन्हात ठेवलेला गडद पृष्ठभाग हात लावू देत नाही. पंख पांढरे असणार. शेपटीवर निळी पट्टी, एवढं ठरलं.

नव्या स्पारसह डावा पंख कार्तिकात तयार झाला. त्याची भार चाचणी आम्ही गोदामात घेतली. विमानाचं भरलेलं वजन ४९० किलो धरलं, त्यातून पंखांचं स्वतःचं वजन वजा केलं आणि उरलेल्याला ३.८ ने गुणलं. हवेत जोरदार वळण किंवा झटका आला तर पंखाला इतक्या पट भार पेलावा लागेल या हिशेबाने. एका बाजूला साधारण ८१५ किलो आले. पंख उलटा करून, आतलं टोक आणि तिरक्या आधाराची जागा लोखंडी घोड्यांवर बांधली, आणि वाळू भरलेली युरियाची पोती चढवायला घेतली. पोतं ४५ किलोचं, वाळू तेवढीच तोलून भरलेली, म्हणून मोजणी सोपी. अठरा पोती, म्हणजे ८१० किलो. आतल्या बाजूला जास्त, टोकाकडे कमी, आणि सगळी पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यात, जिथे हवेचा उचल येतो.

गावातली दहा-बारा माणसं आली होती. नवव्या पोत्याला पंख करकरला आणि सगळे मागे सरले. फौजीने हात वर करून थांबवलं, सांध्यावर कान लावला. आवाज फासळीच्या प्लायमधून येत होता, ती बसत होती. पुढे गेलो. अठराव्या पोत्याला टोक सरळ ताणलेल्या दोरीपासून जितकं खाली गेलं ते आम्ही फूटपट्टीने लिहून घेतलं. पाच मिनिटं तसंच ठेवलं. मग पोती उतरवली आणि टोक पूर्वीच्या खुणेच्या २ मिलिमीटर आत परत आलं.

इंजिन चाचणीच्या बैठकीवर आतापर्यंत पंचवीस तास चाललं आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांत आमच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ होते, म्हणजे ४० ची ३५ अश्वशक्ती उरते आणि पंखालाही तेवढा कमी उचल. म्हणून उड्डाण झालंच तर ते हिवाळ्यात. आणि ते आमच्या मर्जीवर नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि उड्डाण परवाना असल्याशिवाय चाकं जमिनीवरून सुटणार नाहीत, हे फौजीने गोदामाच्या दारावर खडूने लिहून ठेवलं आहे. वाट लांब असते. कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधलं, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. फौजीने कागद लावले आहेत, त्यात ४१ घाण्यांची ती वही जशीच्या तशी जोडली आहे, चुकीच्या नऊ नोंदींसकट. त्या गाळाव्यात असं एकाने सुचवलं होतं. फौजी म्हणाला, "त्याच तं दाखवायच्या हायेत."

नव्या घाण्यांची वही वेगळी आहे. पहिल्या पानावर वेळ पहाटे ४.५०, तापमान २७. दुसरे नमुने तारेवर टांगलेले आहेत. पुढच्या श्रावणात तोडायचे.